बांध न मानणारे राखणदार

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

हंगामाच्या ऐन गर्दीत खता-औषधांच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो. हातात किडलेलं पान किंवा पोखरलेलं बोंड घेऊन आलेला शेतकरी विचारतो, "ह्याच्यावर काय मारू?" मग फळीवरची एक बाटली पुढे सरकते. तिच्यात विष असतं आणि आपण सगळे तिला औषध म्हणतो. ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे, की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मी कीटकशास्त्र शिकवण्यात बरीच वर्षं घालवली. या शास्त्राच्या इतिहासात आणखी एक प्रश्न पूर्वीपासून विचारला गेला आहे, आणि त्याचं उत्तर दुकानात मिळत नाही. तो प्रश्न असा: "हिला कोण खातं?" प्रत्येक किडीला खाणारं कुणी ना कुणी निसर्गात असतंच. ते कोण, ते कुठं राहतं, आपल्या शेतात ते का नाही, आणि त्याला इथं आणता येईल का, एवढ्या चार गोष्टी शोधत माणसं जगभर फिरली. त्या शोधाची हकिगत आज सांगायची आहे. कारण त्यातला एक महत्त्वाचा अध्याय आपल्या सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या फडात लिहिला गेला, आणि आपण तो जवळजवळ विसरून गेलो आहोत.

सुरुवात फार जुनी आहे. इसवी सन ३०४ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या एका चिनी ग्रंथात दक्षिण चीनमधल्या बाजाराचं वर्णन येतं. तिथं पिशवीसारखी घरटी मुंग्यांसकट विकायला ठेवत. संत्र्याच्या बागांचे मालक ती विकत घेऊन झाडांवर बांधत. या मुंग्या नसल्या तर फळं किडीनं खराब होतात, असंही त्यात नमूद आहे. या मुंग्या आपल्या ओळखीच्या आहेत. कोकणात आंब्या-काजूच्या झाडावर जिवंत पानं एकमेकांना शिवून घर करणाऱ्या, चावल्या तर माणसाला झाडाखाली उतरवणाऱ्या त्या तांबड्या मुंग्या. पुढच्या काळात चिनी बागाईतदारांनी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर बांबू टाकून त्यांना पूलही करून दिले. किडीचं शास्त्र कुणाला ठाऊक नव्हतं, पण बागेत राखणदार ठेवायची अक्कल होती.

राखणदार एका देशातून दुसऱ्या देशात नेल्याची जुनी आणि गाजलेली नोंद आहे ती मात्र भारताशी जोडलेली. १७६२ साली मॉरिशस बेटावर तांबड्या टोळांनी उच्छाद मांडला होता. ते बेट तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होतं. टोळ खाण्यासाठी तिथं भारतातून साळुंक्या नेण्यात आल्या. त्या तिथं रुजल्या, आणि काही वर्षांत टोळांचा जोर ओसरला असं इतिहासात नोंदलेलं आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात ज्या बेटावर आपल्या कोकणातली माणसं उसाच्या मळ्यात राबायला गेली आणि आजही जिथं मराठी घरं आहेत, तिथं आपली साळुंकी त्यांच्या आधीच पोचलेली होती. साळुंकी काही फक्त टोळ खाऊन राहणारी नव्हे. ती फळंही खाते आणि तिथल्या मूळच्या पाखरांना त्रासही देते. या गोष्टीकडे पुन्हा यायचं आहे.

या साऱ्याला शास्त्राचं रूप आलं ते अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या संत्र्यांच्या बागांत. १८६८ च्या सुमारास तिथं एक परकी कीड दिसली. आयसेरिया नावाची ही खवले कीड. मादी फांदीला चिकटून बसते आणि मागे कापसाच्या गादीसारखी पांढरी पिशवी तयार करते. त्या पिशवीत शेकड्यांनी अंडी असतात. पंधरा-वीस वर्षांत ही कीड दक्षिण कॅलिफोर्नियाभर पसरली. झाडं पांढरी दिसू लागली, फळं धरेनात, फांद्या वाळू लागल्या. लोकांनी साबणाचं पाणी, रॉकेल, जे सुचेल ते फवारून पाहिलं. झाडावर तंबू टाकून आत विषारी वायू सोडण्याची रीत तिथंच निघाली. काहींनी बागा तोडून जाळल्या.

अमेरिकेच्या कृषी खात्यातले मुख्य कीटकशास्त्रज्ञ तेव्हा चार्ल्स रायली होते. ही कीड ऑस्ट्रेलियातून आली असावी असं त्यांचं मत झालं. मग ऑस्ट्रेलियात ती एवढा धुमाकूळ का घालत नाही? तिथं तिला खाणारं कुणीतरी असलं पाहिजे. तर्क सरळ होता, पण तिथं माणूस पाठवायचा कसा? कृषी खात्याच्या कीटकशास्त्रज्ञांनी सरकारी खर्चानं परदेशी जायचं नाही, असं बंधन त्यांच्या संसदेनं घालून ठेवलेलं. सरकारी कामात वाट काढणारी माणसं सगळीकडे असतात. १८८८ साली मेलबर्नला मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरणार होतं. त्या प्रदर्शनाच्या खर्चातून दोन हजार डॉलर बाजूला काढले गेले आणि अल्बर्ट केबेले नावाचा कीटकशास्त्रज्ञ त्या शिष्टमंडळातला म्हणून ऑगस्ट महिन्यात जहाजात बसला.

केबेले प्रामुख्यानं एका छोट्या माशीच्या शोधात होता. ती खवले किडीच्या शरीरात वाढते अशी माहिती अ‍ॅडलेडहून आलेली होती. माशी त्याला मिळाली आणि त्यानं ती हजारोंनी पाठवलीही. पण ऑक्टोबरमध्ये अ‍ॅडलेडच्या एका बागेत त्याला एक तांबडा-काळा ढालकिडा ही खवले कीड खाताना दिसला. मसुराच्या दाण्याएवढा. हाच पुढे व्हेडेलिया नावानं प्रसिद्ध झाला. बर्फाच्या पेटीत थंड ठेवून, जहाजातून, सुमारे महिनाभराच्या प्रवासानं हे किडे कॅलिफोर्नियाला पोचत. पहिल्या खेपेला जिवंत आले २८. पुढच्या दोन खेपांना ४४ आणि ५७. सगळे मिळून १२९.

लॉस एंजेलिसमधल्या वुल्फस्किल यांच्या बागेत एका किडलेल्या झाडाला तंबू घातला आणि त्यात हे किडे सोडले. वसंत ऋतूत तंबूची एक बाजू उघडली, तेव्हा झाडावरची कीड संपलेली होती आणि किडे शेजारच्या झाडांवर निघाले होते. मग बागाईतदारांची रीघ लागली. लोक डबे, पेट्या घेऊन येत आणि किडे नेत. जून १८८९ पर्यंत १०,५५५ किडे वाटले गेले. वर्ष-दीड वर्षात कॅलिफोर्नियातली ही कीड नगण्य झाली. लॉस एंजेलिस परगण्यातून बाहेर जाणारी संत्री एका वर्षात ७०० रेल्वे वाघिणींवरून २००० वाघिणींवर गेली, अशी नोंद आहे. सगळ्या मोहिमेचा खर्च पाच हजार डॉलरांच्या आत होता. बागाईतदारांनी केबेलेला सोन्याचं घड्याळ आणि त्याच्या पत्नीला हिऱ्यांच्या कुड्या भेट दिल्या.

मी हा प्रसंग वर्गात शिकवायचो तेव्हा मुलांना एक प्रश्न हटकून विचारत असे. समजा शेजारच्या बागाईतदारानं किडे घेतलेच नसते, तर त्याच्या बागेचं काय झालं असतं? मुलं थोडं थांबून म्हणायची, "सर, तिथंही ते गेलेच असते." बरोबर. इथं या उपायाचा स्वभाव कळतो. विषाची बाटली एकट्याची असते. ज्यानं विकत घेतली, त्याच्या बांधापर्यंत तिचा अंमल. ढालकिड्याला बांध कळत नाही. एकानं सोडला की तो साऱ्या शिवाराचा होतो, आणि एकानं विष मारलं की साऱ्या शिवाराचा राखणदार जातो.

तीच आयसेरिया कीड १९२८ साली आपल्याकडे निलगिरीत सापडली. तिथं वॅटल नावाच्या झाडांची लागवड होती. वॅटलही मूळची ऑस्ट्रेलियाची. यावेळी कुणाला अंधारात चाचपडावं लागलं नाही. १९३० च्या सुमारास व्हेडेलिया निलगिरीत आणून सोडला गेला आणि त्यानं इथंही आपलं काम केलं. त्याच्याही आधी, १८९८ साली, क्रिप्टोलिमस नावाचा दुसरा एक ऑस्ट्रेलियन ढालकिडा दक्षिणेत आणलेला होता, तो कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी. त्या कामात त्यानं फारसा पराक्रम केला नाही. पण तो इथं टिकून राहिला, आणि पुढे पिठ्या ढेकणावर उपयोगी ठरला. आपल्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागाईतदारांना हे नाव चांगलं माहीत आहे. त्याची अळी अंगावर पांढरं मेण बाळगते. त्यामुळे ती पिठ्या ढेकणासारखीच दिसते. न ओळखणारा माणूस राखणदारालाच चोर समजून मारतो.

आता साळुंकीच्या गोष्टीकडे वळू. खाणारा आणला की काम झालं, असं समजणाऱ्यांना १९३५ साली ऑस्ट्रेलियात मोठा धडा मिळाला. क्वीन्सलँडमध्ये उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीसारख्या किडीसाठी हवाईतून १०२ मोठे भेक आणले. त्यांची पैदास करून ते मळ्यांत सोडले. भुंगेरे राहिले उसाच्या शेंड्यावर, भेक राहिले जमिनीवर. किडीचं काही बिघडलं नाही. भेकांना मात्र मिळेल ते खाण्याची सवय आणि अंगात विष. त्यांना खायला गेलेले तिथले प्राणी मेले आणि भेक उत्तर ऑस्ट्रेलियाभर पसरले. आजही ते तिथं आहेत. यातून नियम निघाला, की आणायचाच तर खाण्याच्या बाबतीत चोखंदळ जीव आणावा. ज्याचं पोट एकाच किडीवर भरतं, तो कीड संपत आली की आपोआप कमी होतो. म्हणून आज कुठलाही मित्रकीटक परदेशातून आणला, तर आधी बंद खोलीत ठेवून तो आपली पिकं, मधमाश्या, रेशमाचे किडे यांना हात लावतो का, हे तपासलं जातं. यात महिने जातात, आणि ते गेलेच पाहिजेत.

एवढं सगळं कळल्यावर जग या वाटेनं पुढे जाईल असं वाटलं असतं. तेवढ्यात डीडीटी आलं. पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये त्याचा कीटकनाशक गुण शोधला आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. महायुद्धात हिवताप आणि उवांपासून पसरणारा ज्वर यांच्याविरुद्ध डीडीटीनं असंख्य माणसांचे जीव वाचवले, हे विसरता येत नाही. पण शेतात त्याचा परिणाम वेगळा झाला. कॅलिफोर्नियाच्या संत्राबागांत दुसऱ्याच किडींसाठी डीडीटी मारलं गेलं, आणि १९४६-४७ च्या सुमारास अर्धशतकापूर्वी हरलेली पांढरी खवले कीड पुन्हा झाडांवर दिसू लागली. व्हेडेलिया विषानं मेला होता, खवले कीड तगून राहिली होती. किडे पुन्हा आणून सोडावे लागले, फवारण्यांना आवर घालावा लागला. ज्या बागांत सोन्याचं घड्याळ दिलं गेलं होतं, तिथली पुढची पिढी ते कशासाठी दिलं हे विसरली होती. यशस्वी झालेल्या जैविक उपायाचा हाच घोटाळा असतो. कीड दिसत नाही, म्हणून राखणदारही कुणाला आठवत नाही.

आपल्याकडे या कामाला संस्थेचं घर मिळालं १९५७ साली, बंगळुरूत. राष्ट्रकुलाच्या जैविक नियंत्रण संस्थेचं भारतीय केंद्र तिथं सुरू झालं. १९७७ मध्ये सगळ्या देशासाठी समन्वित संशोधन प्रकल्प आला आणि १९९३ मध्ये बंगळुरूलाच जैविक नियंत्रणाचं स्वतंत्र संचालनालय झालं. आज ते राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो या नावानं काम करतं. उसाच्या बाबतीत आपल्या लोकांना थोडा सरावही होता. पाकोळी, म्हणजे पायरिला वाढली, की जिथं एपिरिकॅनिया या तिच्या शत्रूचे कोष असतील तिथली पानं कापायची आणि पाकोळीनं भरलेल्या दुसऱ्या फडात नेऊन लावायची, ही पद्धत ऐंशीच्या दशकातच रुळली होती.

आणि मग २००२ साल उजाडलं. त्या वर्षी जुलै महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या उसावर पांढरा लोकरी मावा दिसला. ही कीड देशाला अगदी नवी नव्हती, ईशान्य भारतात ती पूर्वीपासून होती. पश्चिम महाराष्ट्राच्या उसानं मात्र ती पाहिलेली नव्हती. पानाच्या खालच्या बाजूला मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना कापूस पिंजून चिकटवल्यासारखा थर. मावा रस शोषतो आणि गोड चिकटा खाली टाकतो. खालच्या पानांवर तो पडला की त्यावर काळी बुरशी वाढते. वरून पांढरा आणि खालून काळा असा फड दिसू लागला. या माव्याला नराची गरज नसते, मादी थेट पिल्लं घालते. वाऱ्यानं तो उडतो, आणि उरलेलं काम आपण करतो. जनावरांसाठी वाढं एका गावातून दुसऱ्या गावात जातं, बेणं एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जातं. त्यांच्याबरोबर मावाही गेला. पाहता पाहता सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, पलीकडे कर्नाटक, असा तो पसरला.

सुरुवातीला अर्थातच "काय मारू?" हाच प्रश्न होता. पण बारा-चौदा महिन्यांचा, डोक्याच्या वर गेलेला, आत माणूस शिरत नाही असा ऊस. त्यात पाठीवर पंप घेऊन पानांच्या खालच्या बाजूला फवारायचं कसं? ज्यांनी फवारलं त्यांच्या डोळ्या-नाकात विष गेलं, मावा पंधरा दिवसांत परत आला. त्या दिवसांत मी वाळवा, शिराळा, शाहूवाडी भागातल्या फडांत बराच फिरलो. एका सकाळी एका वयस्क शेतकऱ्यानं पान उलटं करून माझ्यापुढे धरलं. माव्याच्या थरात जाळी करून एक हिरवट-तपकिरी अळी बसली होती. ते म्हणाले, "साहेब, मावा होता तो होता, आता ही अळी पडली. हिला काय मारायचं?"

मी म्हटलं, "काही मारू नका अण्णा. ही मावा खाते. हिला सांभाळा."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग हसून म्हणाले, "कीड मारायला सांगणारे लई आले. पाळायला सांगणारे तुम्हीच पहिले."

ती डिफा होती. आपल्याकडे बऱ्याच शेतकऱ्यांना ती कोनोबाथ्रा या जुन्या नावानं माहीत आहे. पतंगाची अळी म्हटली की ती पानं खाणारी, हा आपला अनुभव. ही मात्र मावा खाऊन वाढणारी, म्हणजे अळ्यांच्या कुळातली मांसाहारी. तिच्या जोडीला मायक्रोमस हा दुसरा परभक्षी कीटक. तिसरी एन्कार्सिया, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी गांधीलमाशीच्या कुळातली, माव्याच्या अंगात अंडी घालणारी. मावा जिथं पूर्वीपासून होता त्या आसामातून एन्कार्सिया शोधून आणली गेली. सव्वाशे वर्षांपूर्वीचा रायलींचा तर्क इथंही लागू पडला, की कीड जिथली, तिचा शत्रूही तिथंच शोधावा.

पुढचं काम मोठं होतं. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनं, कृषी विद्यापीठानं, बंगळुरूच्या संचालनालयानं आणि साखर कारखान्यांनी त्यात हात घातला. शेडनेटमध्ये ऊस लावायचा, त्यावर मुद्दाम मावा वाढवायचा, त्यात डिफा सोडायची आणि अळ्या-कोषांसकट पानांचे तुकडे शेतकऱ्यांना द्यायचे. शिफारस साधी होती. हेक्टरी डिफाच्या एक हजार अळ्या किंवा मायक्रोमसच्या अडीच हजार अळ्या सोडा, आणि नंतर विष मारू नका. शिफारशीचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड होता. डोळ्यांदेखत ऊस पांढरा पडलेला असताना तीन-चार आठवडे हात बांधून बसायचं, हे सोसायटीचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला सांगणं सोपं नसतं. ज्या गावांत सगळ्यांनी मिळून फवारणी थांबवली, तिथं डिफा लवकर पसरली. एकानं थांबवली आणि चौघांनी मारलं, तिथं तिचा जम बसेना.

तीन-चार हंगामांत लोकरी माव्याचा जोर मोडला. त्यात पाऊसपाण्याचा, त्या वर्षांतल्या दुष्काळाचाही हात होता. पण मावा पुन्हा जिथं जिथं डोकं वर काढतो, तिथं मागोमाग डिफा आणि मायक्रोमस येतात, हे आता उसाच्या पट्ट्यात सगळ्यांना माहीत आहे. आज कॉलेजात येणाऱ्या त्या भागातल्या मुलांना लोकरी मावा ही गोष्टच ऐकून ठाऊक असते.

याच २००२ सालातली आणखी एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. मार्चमध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. तिचंही मूळ जैविक उपायात आहे. बीटी हा एक जिवाणू. जपानमध्ये १९०१ साली इशिवाता यांना तो रेशमाच्या मेलेल्या अळ्यांत सापडला. १९११ मध्ये जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात बर्लिनर यांना तो पिठातल्या अळीत मिळाला, म्हणून त्याच्या नावात थुरिंगिया आलं. त्याची पावडर फवारायची पद्धत जुनीच होती. नव्या तंत्रानं त्याचं विष तयार करणारं जनुक थेट कापसाच्या बियाण्यात घातलं. पहिल्या वर्षांत अमेरिकन बोंडअळीपासून सुटका झाली, फवारण्या घटल्या, हे खरंच. पण जिवंत राखणदार आणि त्याचं एक हत्यार यांत फरक आहे. किडीची पिढी बदलते तसा तिचा जिवंत शत्रूही बदलत जातो. एकच हत्यार वर्षानुवर्षं, प्रत्येक झाडात, प्रत्येक दिवशी उगारून ठेवलं, तर कीड त्याला सरावते. ती सरावू नये म्हणून शेताच्या कडेनं साध्या कापसाच्या ओळी लावायच्या होत्या, त्याची वेगळी पुडीही बियाण्याबरोबर मिळायची. ती बहुतेकांनी बांधावर फेकून दिली. कारण पुन्हा तेच. नियम शिवाराचा होता आणि निर्णय एकेकट्याचा. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भ, मराठवाडा, खानदेशातली बोंडं आतून पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. "काय मारू?" या प्रश्नाची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते.

सगळ्याच गोष्टी अशा दुःखाच्या नाहीत. २००८ साली कोइम्बतूरला पपईवर मेक्सिकोकडचा पिठ्या ढेकूण सापडला. तो पपईवर थांबला नाही. तुती, कापूस, टॅपिओका अशा अनेक पिकांवर गेला आणि दोन वर्षांत इतर राज्यांतही पोचला. त्याचे तीन परोपजीवी कीटक अमेरिकेच्या कृषी खात्यानं पोर्तो रिकोत वाढवून ठेवले होते. जुलै २०१० मध्ये ते बंगळुरूला आले, बंद खोलीत तपासले गेले आणि त्याच वर्षी शेतांत सोडले गेले. त्यातल्या असेरोफॅगस या मिलिमीटरभराच्या किड्यानं पुढच्या काही महिन्यांतच ढेकणाला आवरलं.

त्यानंतर २०२० साली केरळात टॅपिओकाचा खास पिठ्या ढेकूण आला. टॅपिओका म्हणजे आपल्या एकादशीच्या खिचडीतल्या साबुदाण्याचं मूळ. या ढेकणानं १९७३ नंतर आफ्रिकेत कोट्यवधी लोकांच्या तोंडचा घास हिरावला होता. हान्स हेरेन या स्विस शास्त्रज्ञाच्या पथकानं त्याचा शत्रू शोधायला दक्षिण अमेरिका पालथी घातली. १९८१ मध्ये पॅराग्वेत एक छोटा परोपजीवी कीटक मिळाला. तो आफ्रिकेतल्या वीसहून जास्त देशांत पसरला, आणि हेरेन यांना १९९५ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तोच कीटक २०२१ मध्ये आफ्रिकेतल्या बेनिन देशातून बंगळुरूला आणला आणि २०२२ मध्ये तमिळनाडूच्या शेतांत सोडला. पॅराग्वेतून आफ्रिकेत आणि आफ्रिकेतून भारतात. चाळीस वर्षं कुणीतरी त्याची नोंद आणि पैदास सांभाळली, म्हणून आपल्याला तो मागता आला.

मला यातली ही शेवटची गोष्ट फार मोलाची वाटते. शेतात एकदा सोडून कायमचा टिकणारा मित्रकीटक कुणी विकत नाही, कारण दुसऱ्या वर्षी तो कुणी विकत घेत नाही. त्यामुळे त्याची जाहिरात होत नाही, त्याच्या योजनेत कुणाला बक्षीस मिळत नाही. तो सांभाळायचा तर विद्यापीठांच्या प्रयोगशाळा हव्यात, तिथं अळ्या ओळखणारी माणसं नेमलेली हवीत, आणि कीड नसलेल्या वर्षीही त्यांचा पगार निघायला हवा. ट्रायकोकार्डासारख्या ज्या गोष्टी विकल्या जातात, त्याही जिवंत असतात. कपाटात महिनाभर पडलेलं कार्ड शेतात लावून उपयोग नसतो. ज्या कारखान्याच्या, ज्या सोसायटीच्या आवारात अशी छोटी प्रयोगशाळा चालू आहे, तिथल्या सभासदांनी वार्षिक सभेत तिच्याबद्दल दोन प्रश्न जरूर विचारावेत. आज काय वाढवता, आणि गेल्या वर्षी कुणाला दिलं?

बाकी शेतकऱ्यानं स्वतः करायचं काम छोटं आहे. फवारणीच्या आदल्या सकाळी दहा-वीस पानं उलटी करून पाहावीत. दहा रुपयांचं भिंग पुरतं. कीड किती आहे हे आपण पाहतोच. तिच्याजवळ आणखी कोण आहे, तेही पाहावं. ढालकिड्याची काटेरी अळी, सुगीच्या दिव्यावर येणाऱ्या हिरव्या क्रायसोपाची दोऱ्यावर लटकलेली अंडी, फुगून तपकिरी झालेला मेलेला मावा. यातलं काही भरपूर दिसलं, तर पंप दोन-चार दिवस तसाच ठेवावा, आणि बांधापलीकडच्या शेजाऱ्यालाही हाक मारून ते पान दाखवावं.